‘सगळं बुडालंय’ म्हणणाऱ्या माणसाशी संसार

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातून एका वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून सारांश देते. त्या ५६ वर्षांच्या, घरी शिवणकाम करतात. मिस्टर ६१ वर्षांचे, उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून निवृत्त. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २७ लाख आले. त्यातले १४ लाख घराजवळच्या एका क्रेडिट सोसायटीत, ८ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, उरलेले सेव्हिंगला. निवृत्तीनंतर मिस्टर दिवसाचे पाच-सहा तास मोबाईलवर ‘सगळे सांगतात त्याच्या उलट सांगणाऱ्या’ माणसांना ऐकतात. डॉलर कोसळणार, नोटा म्हणजे रद्दी, बँका बुडणार, अर्थतज्ज्ञ विकले गेलेत. २०२२ मध्ये त्यांनी हट्टाने पाच तोळे सोनं घेतलं आणि ते दुपटीच्या वर गेलं, तेव्हापासून घरात कुणाचं काही चालत नाही. आता बँकेतली ठेव मोडून सोनं-चांदी घ्यायची आणि थोडे पैसे ‘पडणाऱ्या बाजारावर’ लावायचे आहेत. ठेव दोघांच्या नावावर आहे, मोडायला बाईंची सही लागते. त्यात मिस्टर तीस वर्षं काळ्या दिनाच्या (बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या) फेरीत चालणारे. यंदा गणपतीत मंडळाच्या मांडवात माईकवर म्हणाले, ‘सीमाप्रश्नाच्या नादात आपण पोरांना धड कन्नड शिकवलं नाही, नुकसान आपलंच झालं.’ त्या दिवसापासून जुने सोबती घरी येईनात. बाई विचारतात: यांचं ऐकू की टीव्हीवरच्या तज्ज्ञांचं? सही करू का? आणि हा माणूस असा उलटा का झाला?

ताई,

तुमचं पत्र वाचताना पहिल्या पानावर हसू आलं, कारण मिस्टरांचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय: ‘बघत ऱ्हा तू, सगळं बुडालंय.’ पुण्याच्या माणसाने हे वाचलं तर त्याला वाटेल, बुडून झालं. आपल्याकडे ‘पाऊस पडालाय’ म्हणजे पाऊस पडतो आहे, तसं ‘बुडालंय’ म्हणजे बुडत चाललंय. मोठं सोयीचं क्रियापद आहे. कधी बुडणार हे सांगावं लागत नाही, आणि आज बुडलं नाही म्हणून कुणी खोटंही पाडू शकत नाही. तुमचे मिस्टर ज्यांना ऐकतात त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं याच क्रियापदावर जगतायत.

शेवटच्या पानावर मात्र हसू गेलं. त्याचं कारण सोनं नव्हतं, तुम्ही जाता जाता लिहिलेले ते १४ लाख होते. तिथे येतेच.

आधी तुमचा पहिला प्रश्न. यांचं ऐकू की तज्ज्ञांचं, असं विचारताना तुम्ही आणि मिस्टर, दोघांनीही एक गोष्ट धरून चालली आहे: जग कुठे चाललंय हे आधी ठरवायचं आणि मग पैसे ठेवायचे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरला. तिथून दिसलं ते असं, की ज्यांनी पैसे सांभाळले त्यांना जगाचं भविष्य कळत होतं असं नाही. आपला अंदाज चुकला तर घरात काय उरेल, हे ते आधी मोजत होते. २७ लाख नीट ठेवायला डॉलरचं काय होणार हे कळण्याची गरज नाही.

आणि तज्ज्ञांवरचा त्यांचा अविश्वास अगदीच बिनबुडाचा आहे असंही मी म्हणणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे पन्नास दिवस मी काउंटरच्या आत होते. काळा पैसा परत येणारच नाही, लोक नोटा जाळतील, गटारात टाकतील, असं मोठमोठी माणसं रोज सांगत होती. २०१८ साली रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात छापून आलं की बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. तेव्हा, वरून सांगितलेलं सगळं खरं नसतं, हे मिस्टरांचं म्हणणं मान्य. त्यापुढची उडी मात्र अमान्य: वरचे खोटे बोलतात, म्हणून त्यांच्या उलट बोलणारा खरा. दोघेही चुकू शकतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून जास्त पडून २६ हजारांच्या खाली आला, तेव्हा ‘आता संपलं’ म्हणणारे फार शहाणे वाटत होते. त्याच वर्षाच्या अखेरीला तो ४७ हजारांच्या वर होता. भीतीने विकून बसलेले बसूनच राहिले.

सोन्याचं म्हणाल तर त्यांचा २०२२ चा सौदा चांगला ठरला, हे मोकळेपणाने कबूल करा. तुम्ही सहा पानांत एकदाही केलेलं नाही. ‘नशिबाने वाढलं’ असं लिहिलंय, आणि बहुधा घरीही तेच म्हणत असाल. माणसाला खऱ्याचं श्रेय मिळालं नाही की तो खोट्यालाही जास्त चिकटतो. श्रेय द्या आणि मग पुढचं सांगा. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला ७० हजारांच्या वर गेली होती, आता लाखाला जाणार म्हणून आपल्याकडे लोकांनी विटा घेतल्या. २०१५ च्या अखेरीस ती ३५ हजारांच्या आसपास होती. सोन्याचं बाहेरच्या बाजारात असं की जानेवारी १९८० मध्ये औंसाला साडेआठशे डॉलरच्या घरात गेलेला भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! ६१ व्या वर्षी घेतलेल्या सोन्याने २८ वर्षं वाट बघायला लावली तर? त्याने सोनं वाईट ठरत नाही. सगळंच्या सगळं एका जागी ठेवणं वाईट ठरतं, आणि तेही ज्याचा भाव नुकताच वाढलाय अशा जागी. गंमत बघा, सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यावर सोनं घेणं यात उलटा विचार कुठला? आज सराफाच्या दुकानात रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस हाच विचार करतोय.

‘पडणाऱ्या बाजारावर पैसे लावणं’ म्हणजे ऑप्शन, भाव चढेल की पडेल यावरचा सौदा. यावर फार लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आपल्या अभ्यासाचे आकडे दिले: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. मिस्टरांना ९३ टक्क्यांच्या विरुद्ध जायचंच असेल तर तिकडे न जाणं हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

आता ते १४ लाख.

नोटा रद्दी होतील म्हणून ज्या माणसाला रात्री झोप लागत नाही, त्याच माणसाचे निम्म्याहून जास्त पैसे एका सोसायटीत आहेत आणि त्याबद्दल त्याच्या मनात तीळमात्र शंका नाही. का नाही, तेही तुम्हीच लिहिलंय: चेअरमन शाळेतले मित्र, पिग्मीवाला (रोजची बचत गोळा करणारा सोसायटीचा माणूस) रोज संध्याकाळी ओट्यावर चहा घेतो, आणि व्याज बँकेपेक्षा अडीच टक्के जास्त. ताई, बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ते दर ठेवीदाराला दर बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. क्रेडिट सोसायट्यांना ते नाही. मग ती सहकारी असो, सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची) असो की मल्टी-स्टेट (अनेक राज्यांत चालणारी), पाटीवर नाव कितीही भारदस्त असो. सोसायटी ही बँक नव्हे. तिच्या ठेवीमागे उभा असतो तो तिचा कर्जदार, संचालक मंडळाची नियत आणि ऑडिटरची नजर. हे तिन्ही चांगले असतील तर पैसे सुरक्षित आहेत. आपल्या भागात अशा प्रामाणिकपणे चालवलेल्या सोसायट्या कितीतरी आहेत, त्यांनी यंत्रमागवाल्यांना, भाजीवाल्यांना, बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा पैसे दिलेत. पण चांगल्या आहेत म्हणून १४ लाख एकाच ठिकाणी? निवृत्तीचे?

माझ्या वडिलांचे पैसे असेच एका सोसायटीत अडकले होते. नाव सांगत नाही. सात वर्षं ते दर सोमवारी पावतीची झेरॉक्स पिशवीत घालून जायचे आणि चेअरमनच्या घरचा चहा पिऊन परत यायचे. शेवटी मिळाले, पण व्याजाशिवाय. ‘तुम्ही आधी विचारलं का नाही?’ असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, ‘अगं, रोज तोंड बघायचं माणसाचं. विचारायचं कसं?’

हाच मुद्दा आहे. डॉलरबद्दल शंका घ्यायला काहीच पडत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा अध्यक्ष तुमच्या ओट्यावर चहाला येत नाही. जवळच्या माणसाला ‘ताळेबंद दाखवा, थकबाकी किती आहे?’ असं विचारायला मात्र तोंड उघडत नाही. लांबच्या गोष्टींवर शंका घेणं ही करमणूक झाली, आणि तुमचे मिस्टर ज्याला वर्षाला १२ हजार देऊन ग्रुपमध्ये बसतात, तो ही करमणूक विकतो. रुपया रद्दी होणार म्हणतो आणि फी रुपयांतच घेतो, हे एकदा त्यांच्या लक्षात आणून द्या, पण भांडणात नको, जेवताना.

मला प्रवाहाविरुद्ध बोलणारी माणसं आवडतात, ताई. पण ती कशी असतात ते सांगते. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्याला देशातल्या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या मंडळाने होकार दिला. मूळचे दक्षिण कानड्याचे बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने वेगळी टिपणी जोडली: देशाच्या बचतीपेक्षा मोठी योजना तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे जादा नोटा छापून, रेटली तर महागाई भडकेल. बाहेर येऊन माईकवर नाही, त्याच मंडळात, त्याच कागदावर, आपल्या सहीने. दोन वर्षांत परकीय चलनाची टंचाई आली आणि योजनेला कात्री लावावी लागली.

दुसरं उदाहरण तर मिस्टरांनी स्वतः पाहिलं असेल. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, गोळीबारात माणसं गेली. तेव्हा मिस्टर सतरा-अठरा वर्षांचे असतील. त्या आंदोलनाचे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले होते. शेतकरी आळशी, अडाणी, म्हणून गरीब, असं शहाण्यासुरत्यांचं मत असताना ते म्हणाले, सरकार भाव पाडतं म्हणून गरीब. पुढे डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या मसुद्याला, कर्नाटकात नंजुंडस्वामींसह बहुतेक शेतकरी नेत्यांनी कडाडून विरोध केला, तर जोशींनी पाठिंबा दिला आणि शिव्या खाल्ल्या. ते बरोबर होते का? काही बाबतीत मला आजही पटत नाही. पण त्यांनी आधी स्वतः शेती केली, हिशेब मांडला, आणि मग बोलले. मताची किंमत आधी स्वतः भरली.

या कसोटीवर मिस्टरांची मतं एकेक करून बघा. तुम्ही ती सगळी एकाच गाठोड्यात बांधलीत, ‘माणूस उलटा झालाय’ म्हणून. डॉलरचं मत त्यांचं नाही, मोबाईलवरून उसनं आणलेलं आहे. पण तुम्हाला जे सगळ्यात मोठं वेड वाटतं, कन्नडचं, ते मला त्यांचं एकमेव स्वतःचं मत वाटतं.

रागावू नका. मीही याच गावात वाढले. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण ज्या राज्यात आहोत ते मनाने स्वीकारलेलं नाही, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल पटलेला नाही, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बहुमताच्या विरुद्ध उभं राहायचं बाळकडू आपल्याला घरातच मिळतं. त्यामुळे मिस्टरांच्या ‘उलट्या’ स्वभावाचं तुम्हाला इतकं नवल का वाटतं हेच मला कळेना. तीस वर्षं ते सरकारच्या उलटच चालत होते, फक्त सोबत गल्ली होती. आता पहिल्यांदा ते गल्लीच्या उलट बोलले. आणि ते काही फाजील बोललेले नाहीत. दावा न्याय्य आहे, आणि तरीही पोरांना जमिनीचा उतारा, नोकरीचा अर्ज, बँकेचा फॉर्म वाचण्यापुरतं कन्नड पक्कं यायला हवं होतं, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडात बसू शकतात. कितीतरी घरांत स्वयंपाकघरात हेच बोललं जातं, मांडवात नाही. त्यांनी तीस वर्षं चालून तो अधिकार मिळवलाय.

चूक झाली ती जागेची. गणपतीच्या मांडवात, माईकवर, ज्यांच्या घरातून कुणी तुरुंगात गेलंय अशा माणसांसमोर, ‘नुकसान आपलंच झालं’ एवढं अर्धंच वाक्य. दुखणारच. सोबती गेले त्याला मत कारण नाही. तीस वर्षं चाललेल्याने चालण्यालाच फुकट म्हटलं, असं त्यांना ऐकू आलं. आणि ताई, माझा अंदाज आहे की मोबाईलचे सहा तास तिथूनच वाढलेत. पत्रातल्या तारखा लावून बघा. ओट्यावरची माणसं गेली, तशी खिशातली आली.

म्हणून सोन्याआधी हे करा. त्या मित्रांपैकी जो सगळ्यात शांत आहे, त्याला चहा-चिरमुऱ्यांना बोलवा. मांडवातला विषय काढू नका, तो आपोआप निघेल. मिस्टरांना पूर्ण वाक्य बोलायची संधी मिळू द्या. तुम्हीही त्यांना ‘हे कोण म्हणालं?’ असं विचारणं सोडून ‘तुमचं स्वतःचं काय मत?’ असं विचारा. फरक पडतो. आणि एक वही करा. ते जे जे भाकीत सांगतील ते त्यांच्याच अक्षरात, तारखेसकट: अमुक दिवसापर्यंत अमुक होईल, नाही झालं तर माझा अंदाज चुकला. सहा महिन्यांनी दोघांनी मिळून वाचा. तुमचीही भाकितं लिहा त्यात. ‘हे सगळं घालवून बसणार’ हेही भाकीतच आहे आणि तेही दोन वर्षांत खरं ठरलेलं नाही.

पैशाचं माझं मत असं, आणि तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या बाकीच्या वाचकांनीही हे आपल्या आकड्यांवर घासून बघावं. बँकेतली ८ लाखांची ठेव मोडायची सही करू नका, ती आहे तिथे ठीक आहे. पुढे मुदत संपली की दोन बँकांत विभागा म्हणजे प्रत्येकी ५ लाखांच्या आत राहील. सोसायटीतले पैसे एकदम काढायला धावू नका. मुदतीआधी मोडलं तर व्याज कापतील, आणि तुम्ही घाईने काढलेत ही बातमी गल्लीत पसरली तर चांगली चाललेली सोसायटीही अडचणीत येऊ शकते; अफवेने बुडालेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. पावत्या जशा संपतील तशा नूतनीकरण न करता काढा. मैत्रीखातर दोन-तीन लाख राहू दे. तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जा, अहवाल मागा, थकीत कर्जाचा आकडा विचारा. मिस्टरांना उलटा प्रश्न विचारायची इतकी हौस आहे तर त्यांनाच उठून विचारू दे. तो प्रश्न विचारायला हिंमत लागते.

निघालेले पैसे पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ६० पूर्ण झाल्यामुळे ती मिस्टरांच्या नावावर उघडते, तुम्ही जोड खातेदार होऊ शकता. मर्यादा ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण तुम्ही ठेवाल त्या दिवशीचा दर पाच वर्षं तुमचा. म्हणजे सोसायटीच्या व्याजापेक्षा थोडंच कमी, आणि मागे केंद्र सरकार. केंद्र सरकारच बुडालं तर, असं मिस्टर विचारतील. तर त्या दिवशी कपाटातलं सोनं विकत घ्यायला कोण येतो ते बघू, म्हणावं.

सोनं अजिबात नको, असं नाही. आहे ते धरून एकूण पैशाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक. दागिने मात्र नकोत, घडणावळ आणि तूट यातच निम्मा आनंद जातो. तुमचं शिवणकामाचं खातं वेगळं ठेवा, त्यात कुणाचंही भाकीत शिरू देऊ नका. सगळ्या पावत्या, पासबुकं, वारसनोंदी एका फाइलमध्ये आणि ती फाइल कुठे आहे ते मुलीला माहीत असू दे. १२ हजारांच्या ग्रुपवाल्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का, ते विचारा. नसेल तर पुढच्या वर्षीची फी चहा-चिरमुऱ्यांना.

पत्राच्या समासात तुम्ही लिहिलंय की सोसायटीची पहिली पावती, सहा लाखांची, येत्या १४ तारखेला संपते. पिग्मीवाला आदल्या संध्याकाळी नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन येईल, नेहमीसारखा. त्या संध्याकाळी कुणाच्या ब्लाऊजचं माप घ्यायला बाहेर जाऊ नका. चहा तुम्ही स्वतः घेऊन ओट्यावर जा आणि फॉर्म आत ठेवून द्या.